फ्लॅश पॉइंटवाले एबल

लॅबमधलं ‘एबल अ‍ॅपरेटस’ आपण वापरतो, पण हे एबल कोण, हे कुणी विचारत नाही. म्हणून मीच शोधलं.

सर फ्रेडरिक एबल यांचा जन्म 1827 चा, लंडनजवळच्या वूलविचचा. 1852 मध्ये तिथल्या लष्करी अकादमीत ते फॅरडेंच्या जागी केमिस्ट्री शिकवू लागले. पुढे ते ब्रिटिश युद्धखात्याचे केमिस्ट झाले.

तेव्हा घरोघरी रॉकेलचे दिवे आले होते. तेलात पेट्रोलसारखा हलका भाग राहिला की दिवा भडकायचा, माणसं भाजायची. तपासणी व्हायची, पण उघड्या भांड्यात. वाऱ्याने वाफ उडून जायची आणि तेच तेल एकीकडे पास, दुसरीकडे नापास! एबल यांनी झाकणबंद भांडं केलं. वाफ आत कोंडायची, मग झाकणातल्या फटीतून छोटी ज्योत दाखवायची. 1879 च्या ब्रिटिश कायद्याने हीच पद्धत घेतली आणि 73 अंश फॅरनहाइट ही सीमा ठरवली. म्हणजे साधारण 23 सेल्सिअस. आपल्या पेट्रोलियम कायद्यातही ‘ए’ वर्गाची सीमा 23 च आहे!

1902 मध्ये एबल गेले. त्यांचा धडा मात्र आपल्या होस्टेललाही लागू आहे: पेटते ती वाफ, द्रव नव्हे. पेट्रोलची वाफ शून्याखालीही पेटते. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 असतो, आणि आपल्या संभाजीनगरात मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो. वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. तेव्हा पाण्याच्या बाटलीत पेट्रोल किंवा थिनर भरून खाटेखाली ठेवू नका. घट्ट झाकणाचा धातूचा डबा, खोलीबाहेर सावलीत, आगीपासून लांब. बस्स, एवढंच!