लोकांचे काका : जोसेफ बॅप्टिस्टा

आपल्या ख्रिस्ती समाजाचे राजकारणाशी नाते काय, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर आपल्यापुढे उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या जीवनाकडे पाहावेसे वाटते. अवघ्या महाराष्ट्राने त्यांना ‘काका’ म्हणून आपल्या कुटुंबात सामावून घेतले होते.

१७ मार्च १८६४ रोजी मुंबईतील माझगाव येथे त्यांचा जन्म झाला. वडील जॉन हे मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत जोसेफ यांचे शिक्षण झाले. पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात व त्यानंतर केंब्रिज विद्यापीठात शिकून ते बॅरिस्टर झाले. आयर्लंडच्या होमरूल चळवळीचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला.

त्या काळी आपल्या समाजाचे वातावरण कसे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. उत्तर कोकणातील या मूळ रहिवासी कॅथलिकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले होते. सरकारी नोकऱ्यांत आपला वेगळा हक्क नोंदला जावा, हा त्यामागील एक हेतू होता. राजनिष्ठेत सुरक्षितता मानणाऱ्या अशा समाजातून आलेल्या काकांनी मात्र लोकमान्य टिळकांची साथ धरली. ही निवड सोपी नव्हती. तथापि आपला धर्म आणि देशप्रेम यांत त्यांना विरोध दिसला नाही.

वकिलीचे ज्ञान त्यांनी देशकार्यास वाहिले. विनायक दामोदर सावरकरांवर १९१० साली मुंबईत खटला उभा राहिला, तेव्हा बचावाच्या वकिलांत काका होते. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद काकांकडे व चिटणीसपद न. चिं. केळकर यांच्याकडे आले. एका वर्षात लीगचे सुमारे १४ हजार सभासद झाले.

कष्टकऱ्यांचा त्यांना कधी विसर पडला नाही. १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष होते, आणि संस्थापकांत काकांचा समावेश होता.

आपल्या शहराची सेवाही त्यांनी तितक्याच आस्थेने केली. १९०१ साली ते मुंबई महानगरपालिकेचे सदस्य झाले व १९२५ साली तिच्या अध्यक्षपदी निवडले गेले. हेच पद १९३१ पासून महापौरपद म्हणून ओळखले जाऊ लागले. देशाचे स्वराज्य मागणारा हा नेता नगराचा कारभारही तेवढ्याच मोलाचा मानत होता, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

१९३० साली काकांचे निधन झाले. स्वराज्याची पहाट पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत ते चिरनिद्रा घेत आहेत. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले.

राजकारण हे आपले क्षेत्र नव्हे, असे म्हणून आपण दूर राहतो आणि मग आपले कोणी ऐकत नाही अशी खंतही करतो. काकांनी समाजाबाहेर पाऊल टाकले, परंतु समाज सोडला नाही. आपल्या तरुण-तरुणींनी सार्वजनिक जीवनात उतरताना हा धडा मनाशी बाळगावा, आणि मृत भाविकांच्या दिनी आपल्या आप्तांसाठी प्रार्थना करताना या काकांचेही स्मरण करावे, एवढीच आमची विनंती.