मायर आम्शेल रॉथशिल्ड

मायर आम्शेल रॉथशिल्ड (२३ फेब्रुवारी, इ.स. १७४४ – १९ सप्टेंबर, इ.स. १८१२) हे जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथील ज्यू व्यापारी व सावकार होते. युरोपभर पसरलेल्या रॉथशिल्ड पेढीचे ते संस्थापक मानले जातात.

पूर्वायुष्य

मायर यांचा जन्म फ्रांकफुर्टच्या ज्यू गल्लीत झाला. या अरुंद गल्लीची दारे रात्री बंद केली जात. शेती आणि बहुतेक कारागिरी ज्यूंना वर्ज्य असल्याने व्यापार व सावकारी हेच मार्ग त्यांच्यासाठी उरले होते. पूर्वजांच्या घरावरील लाल ढालीच्या चिन्हावरून कुटुंबाला रॉथशिल्ड हे नाव पडले. आईवडिलांच्या अकाली निधनानंतर मायर यांचे धर्मशिक्षण थांबले व हानोफर येथील एका ज्यू पेढीवर ते उमेदवारी करू लागले.

पेढीची उभारणी

फ्रांकफुर्टला परतल्यावर त्यांनी दुर्मीळ नाणी व पदके विकण्यास प्रारंभ केला. नाण्यांचे शौकीन असलेले हेसेचे राजपुत्र विल्हेल्म त्यांचे ग्राहक झाले आणि इ.स. १७६९ मध्ये मायर यांना दरबारी व्यापाऱ्याचा किताब मिळाला. पुढे हुंड्या वटवणे व कर्जे देणे यांतून पेढी वाढली. इ.स. १८०६ मध्ये फ्रेंच सैन्यामुळे विल्हेल्म यांना देश सोडावा लागला. त्यांचा सारा खजिना मायर यांनी लपवून ठेवल्याची कथा अतिरंजित आहे. मात्र त्यांच्या गुंतवणुकीची काही कामे या पेढीने सांभाळली.

कुटुंब व वारसा

इ.स. १७७० मध्ये मायर यांचा विवाह गुटले श्नापर यांच्याशी झाला. त्यांना पाच पुत्र व पाच कन्या होत्या. आम्शेल फ्रांकफुर्टला राहिले. नाथान लंडन, जेम्स पॅरिस, सालोमन व्हिएन्ना आणि कार्ल नेपल्स येथे स्थिरावले. एका शहरातील संकटाने सारी मालमत्ता बुडू नये, अशी ही रचना ठरली.

इ.स. १८१० चा भागीदारी करार व मृत्युपूर्वी केलेले मृत्युपत्र यांनुसार व्यवसायाची मालकी केवळ पुत्रांकडे गेली. कन्यांना रोख वाटा मिळाला. परंतु त्यांना, जावयांना व त्यांच्या वारसांना पेढीत भाग घेण्याचा किंवा हिशेबाच्या वह्या पाहण्याचा अधिकार उरला नाही. भांडवल विभागले जाऊ नये म्हणून पुढील पिढ्यांत नात्यातच विवाह होऊ लागले. जेम्स यांनी आपल्या सख्ख्या पुतणीशी विवाह केला.

या व्यवस्थेने पाचही शाखा एकत्र राहिल्या, तरी तिची मर्यादाही दिसून आली. पुरुष वारस न उरल्याने इ.स. १९०१ मध्ये मूळ फ्रांकफुर्टची पेढीच बंद झाली. नेपल्सची शाखा त्यापूर्वी, इ.स. १८६३ मध्ये, बंद झाली होती. व्हिएन्नाची शाखा इ.स. १९३८ मध्ये नाझींनी बळकावली. लंडन व पॅरिस येथील वंशज आजही या व्यवसायात आहेत.

पुत्र सरदार झाल्यानंतरही गुटले यांनी ज्यू गल्लीतील घर सोडले नाही. इ.स. १८४९ मध्ये त्यांचे निधन झाले.