बौद्ध स्थळांचे शोधक जनरल कनिंगहॅम

आपल्या विभागातील पुष्कळ कुटुंबे सारनाथला जाऊन आली आहेत. धामेक स्तूपाला वंदन होते, फोटो निघतात, आणि गाडी वरुणा नदीच्या पुलावरून माघारी येते. या वरुणेच्या पात्रात एका पुलाखाली सारनाथच्या चाळीसहून अधिक मूर्ती टाकल्या गेल्या होत्या, हे आम्हालाही फार उशिरा कळले. कमानींमधला तळ पाण्याने खचू नये म्हणून दगड पाहिजे होते. मूर्ती काय अन् दगड काय, बांधणाऱ्याला सगळं सारखंच!

त्या मूर्ती १८३५-३६ साली मातीतून काढल्या अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी. जन्म १८१४, लंडन. एकोणिसाव्या वर्षी लष्करी इंजिनियर म्हणून ते हिंदुस्थानात आले. सारनाथला त्यांनी पदरचे पैसे घालून खोदकाम केले. थोड्या मूर्ती कलकत्त्याला पाठवल्या, बाकीच्या तिथेच राहिल्या, आणि मग त्यांची ही गत झाली. आमच्या मते यात दोष थोडा त्यांचाही आहे. उकरून काढलं, पण सांभाळायची सोय केली नाही.

पुढे नोकरीनिमित्त ते काश्मीर, लडाख, ब्रह्मदेश असे फिरले. १८५१ मध्ये सांचीला स्तूप उघडून त्यांनी सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी शोधल्या. त्या अस्थी विलायतेला गेल्या; सांचीच्या नव्या विहारात त्या १९५२ साली विराजमान झाल्या.

१८६१ मध्ये निवृत्त होताना त्यांनी व्हाइसरॉय कॅनिंग यांना लिहून दिले, की जुने अवशेष नाहीसे होण्याआधी त्यांची पाहणी आणि नोंद सरकारने केली पाहिजे. लगेच त्यांनाच पुरातत्त्व पाहणीवर नेमण्यात आले. त्यांची पद्धत आम्हाला फार आवडते. चिनी भिक्खू ह्युएनत्संग यांचे प्रवासवर्णन हाताशी घ्यायचे, त्यातले अंतर मोजायचे (सहा ली म्हणजे साधारण एक मैल) आणि त्या दिशेने निघायचे. गावाबाहेरचे टेकाड दिसले की त्याचा घेर मोजायचा, विटेची लांबी-रुंदी बघायची, नाणी गोळा करायची, गावकऱ्यांना विचारायचे, नकाशा काढायचा. कुदळ नंतर! सहेत-महेत म्हणजेच श्रावस्ती, हे त्यांनी असेच ठरवले.

१८६६ मध्ये सरकारने हे खातेच बंद केले. १८७० मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि कनिंगहॅम त्याचे महासंचालक झाले. १८७३ मध्ये त्यांना भारहूतचा स्तूप सापडला, तोवर त्याचे बहुतेक दगड-विटा आसपासच्या घरांत बसल्या होत्या. उरलेले कठडे कलकत्त्याच्या म्युझियमला नेले, म्हणून आज बघायला मिळतात.

पण सगळ्यात मोठं नुकसान झालं हडप्पाला. हे ठिकाण त्यांनी १८५३ आणि १८५६ मध्ये पाहिले होते. नंतर लाहोर-मुलतान रेल्वे आली. रुळांखाली घालायला खडी पाहिजे, आणि इथे तर पक्क्या भाजलेल्या विटांचे डोंगर! सुमारे शंभर मैल रेल्वेला पुरतील एवढ्या विटा नेल्या गेल्या. १८७२-७३ मध्ये कनिंगहॅम परत गेले, तेव्हा आधी पाहिलेल्या भिंती राहिल्या नव्हत्या. त्यांनी हे स्पष्ट नोंदवले, नकाशा काढला, आणि एका शिक्क्याचे चित्रही छापले. शिक्क्यावर बैल आणि न वाचता येणारी अक्षरे. ती अक्षरे हिंदी नाहीत, शिक्का परदेशी असावा, असे त्यांना वाटले. ते चुकले.

१८८५ मध्ये ते निवृत्त झाले आणि १८९३ मध्ये लंडनला वारले. १९२१ साली दयाराम साहनी यांनी हडप्पाला खोदकाम सुरू केले. तसेच शिक्के पुन्हा मिळाले, आणि ते नगर बुद्धांच्याही दोन हजार वर्षे आधीचे असल्याचे पुढे सिद्ध झाले. तोवर वरचे थर खडी होऊन गेले होते.