कॅथरीन ड्रेक्सेल : आजारपणातील प्रार्थनेची वीस वर्षे

फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाचे नाव अमेरिकेतील मराठी कुटुंबांना परके नाही. १८९१ साली अँथनी ड्रेक्सेल या धनाढ्य बँकव्यावसायिकाने ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी त्यांच्या सख्ख्या पुतणीने ऐश्वर्याचा त्याग करून धर्मभगिनीची व्रते घेतली. काकांचे नाव विद्यापीठाच्या रूपाने राहिले; पुतणीला पुढे कॅथलिक चर्चने संतपद दिले. या मदर कॅथरीन ड्रेक्सेल यांनी उभारलेल्या शाळांची हकिकत अनेकदा सांगितली जाते. मात्र त्यांच्या आयुष्याची अखेरची वीस वर्षे, ज्या काळात त्यांना बाहेरचे फारसे काहीच करता आले नाही, तीही तितकीच मननीय आहेत.

कॅथरीन यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८५८ रोजी फिलाडेल्फियात झाला. जन्मानंतर काही आठवड्यांतच आई निवर्तली. वडील फ्रान्सिस ड्रेक्सेल यांनी पुढे एमा बूव्हिये यांच्याशी विवाह केला, आणि या सावत्र आईनेच तिन्ही मुलींवर संस्कार केले. घरात प्रार्थनेसाठी स्वतंत्र खोली होती. आठवड्यातील ठरलेल्या दिवशी गरजूंसाठी घराचे दार उघडे असे. धान्य, कपडे आणि घरभाड्याची मदत तेथून मिळे.

पुढे एमा यांना कर्करोगाने ग्रासले. जवळजवळ तीन वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि कॅथरीन त्यांची शुश्रूषा करीत होत्या. घरात पैशाला तोटा नव्हता. तरीही तो पैसा त्या वेदनेपुढे हतबल ठरला. १८८३ मध्ये एमा गेल्या, १८८५ मध्ये वडीलही गेले. या काळात कॅथरीन यांच्या मनात एक ओढ बळावत गेली. जगापासून दूर, एखाद्या चिंतनमग्न मठात शिरावे आणि उरलेले आयुष्य मौनात व प्रार्थनेत घालवावे, असे त्यांना वाटू लागले.

त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक बिशप जेम्स ओकॉनर यांनी मात्र त्यांना दीर्घकाळ थांबवून धरले. १८८७ साली रोममध्ये पोप तेरावे लिओ यांची भेट झाली. मूलनिवासी अमेरिकनांसाठी धर्मसेवक पाठवावेत, अशी विनंती कॅथरीन यांनी केली. तेव्हा त्यांनी स्वतःच ही सेवा का पत्करू नये, असे पोपनी सुचविले. पुढे ओकॉनर यांनीही, मूलनिवासी आणि कृष्णवर्णीय यांच्यासाठी नवा संघ स्थापन करण्याचा आग्रह धरला. मौनाची इच्छा बाजूला ठेवून कॅथरीन यांनी तो मान्य केला. १२ फेब्रुवारी १८९१ रोजी त्यांनी व्रते घेतली आणि ‘सिस्टर्स ऑफ द ब्लेस्ड सॅक्रमेंट’ हा संघ अस्तित्वात आला.

त्यानंतरची चार दशके अखंड प्रवासाची होती. सँटा फे येथील शाळा, ॲरिझोनात नवाहो मुलांसाठी सेंट मायकल्स, दक्षिणेकडील राज्यांतील ग्रामीण शाळा आणि १९२५ साली विद्यापीठाचा दर्जा मिळालेली न्यू ऑर्लिन्सची झेवियर संस्था, असा त्यांच्या कामाचा विस्तार होता. वंशभेद कायद्याने पोसला जात असलेल्या त्या काळात या कामाला उघड विरोध झाला. मूलनिवासी मुलांना कुटुंबापासून व स्वभाषेपासून दूर नेणाऱ्या तत्कालीन निवासी शाळांच्या पद्धतीचे आज कठोर परीक्षण होत आहे, आणि या संघाच्या शाळाही त्यातून सुटत नाहीत. परंतु ज्यांना राज्यकर्त्यांनी उच्च शिक्षणाची दारे बंद केली होती, त्यांच्यासाठी झेवियरने ती उघडली, हेही तितकेच खरे.

१९३५ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने हा प्रवास थांबला. १९३७ मध्ये त्यांनी संघाचे प्रमुखपद सोडले. फिलाडेल्फियाजवळच्या मातृमठातील रुग्णकक्ष हेच आता त्यांचे जग झाले. ज्यांनी अर्धा देश पालथा घातला, त्यांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यासाठीही आधार लागू लागला.

कामात बुडालेल्या माणसाला असे थांबणे किती जड जाते, हे आपल्यापैकी अनेकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांमध्ये पाहिले असेल. कॅथरीन यांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी होती. तरुणपणी मागूनही न मिळालेले मौन आता आजाराच्या वाटेने त्यांच्या दारी आले होते. त्यांनी ते शिक्षा म्हणून नव्हे, तर नेमून दिलेले काम म्हणून स्वीकारले. पवित्र साक्रामेंतासमोरील आराधना, नित्याची मिस्सा, मूक चिंतन आणि लहान वह्यांत टिपलेल्या प्रार्थना यांत त्यांचे दिवस जात. ही शांती आजारपणात अकस्मात गवसलेली नव्हती. धावपळीच्या वर्षांतही रोजची प्रार्थना त्यांनी सोडली नव्हती. म्हणून मौन वाट्याला आले तेव्हा ते अनोळखी वाटले नाही. देह बरा झाला नाही. मन मात्र त्या खोलीत स्थिरावले.

या निःशब्द वर्षांना एक व्यावहारिक बाजूही होती. वडिलांच्या मृत्युपत्रानुसार मुलींना मुद्दल नव्हे, केवळ त्यावरील उत्पन्न मिळत असे. मुली निपुत्रिक वारल्यास मुद्दल मृत्युपत्रात नोंदविलेल्या धर्मादाय संस्थांकडे जायचे होते, आणि कॅथरीन यांचा संघ तर मृत्युपत्रानंतर जन्मलेला. दोन्ही बहिणी आधी गेल्या. त्यामुळे कॅथरीन यांच्या हयातीपर्यंतच हे उत्पन्न शाळांना मिळणार होते. अंथरुणावरील ही वृद्धा केवळ जगत राहिली, तरी तिच्या श्वासावर अनेक वर्गखोल्या चालत होत्या. त्यांनी आयुष्यभरात या कार्यासाठी सुमारे दोन कोटी डॉलर वेचले.

मे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच ३ मार्च १९५५ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, मदर कॅथरीन यांनी देह ठेवला. त्याबरोबर संघाला मिळणारे उत्पन्नही थांबले. तरी झेवियर विद्यापीठ आजही उभे आहे. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संत घोषित केले.

२०१८ मध्ये त्यांचे अवशेष फिलाडेल्फियातील सेंट पीटर अँड पॉल कॅथीड्रलमध्ये आणण्यात आले. शहराच्या भर मध्यवस्तीत असलेल्या या प्रार्थनामंदिरात कोणत्याही धर्माच्या माणसाला घटकाभर शांत बसता येते. ड्रेक्सेल विद्यापीठाचा परिसरही तेथून फार दूर नाही.