डहाणूचे कापरेकर मास्तर

विरारहून लोकलने डहाणूला जाता येतं. त्याच डहाणूत १९०५ साली दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. १९६२पर्यंत ते देवळालीच्या शाळेत मास्तर होते. आकड्यांचं वेड मात्र अष्टौप्रहर. १४२८५७चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज करा: पुन्हा १४२८५७! ओपीडीच्या रांगेत कंटाळलात तर जरूर करून बघा, कागद-पेन्सिल पुरते. अशा संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. पदव्युत्तर शिक्षण नसल्यामुळे इथल्या अनेक गणितज्ञांनी मात्र त्यांचं काम हसण्यावारी नेलं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा मास्तर सत्तरीला आले होते. १९८६ साली ते गेले.