आर्थर अ‍ॅश : देशासाठी खेळण्याचा अर्थ

टेनिस हा मुळात एकट्याचा खेळ. खेळाडू कोर्टावर एकटा उतरतो, एकटाच जिंकतो आणि एकटाच हरतो. बक्षिसाची रक्कम आणि क्रमवारीतील गुणही त्याच्या एकट्याच्या नावावर जमा होतात. अशा खेळात देशाच्या संघासाठी वर्षातील काही आठवडे राखून ठेवणे हे अव्वल खेळाडूचे कर्तव्य मानायचे, की त्याची मर्जी? १९०० साली सुरू झालेल्या डेव्हिस करंडक स्पर्धेचा हा प्रश्न व्यावसायिक टेनिस आल्यापासून पाठलाग करीत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये इटलीने बोलोन्या येथे करंडक जिंकला, तेव्हा यानिक सिनर संघात नव्हता. नव्या मोसमाच्या तयारीसाठी त्याने आधीच माघार घेतली होती आणि मायदेशात त्यावरून बरेच वादंग माजले होते. हा वाद जुना आहे. त्याच्या दोन्ही बाजू ज्याने स्वतः अनुभवल्या आणि दोन्हींची किंमतही मोजली, असा एक विजेता टेनिसच्या इतिहासात होऊन गेला. त्याचे नाव आर्थर अ‍ॅश.

१० जुलै १९४३ रोजी व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात अ‍ॅशचा जन्म झाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्या वेळी वर्णभेदाचे कायदे होते. शाळा, बस, उपाहारगृहे, क्रीडांगणे सारे काही गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे. अ‍ॅशचे वडील कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या ब्रूक फील्ड उद्यानाची देखभाल करीत आणि कुटुंब त्याच उद्यानातील घरात राहत असे. दाराबाहेर पाऊल टाकले की टेनिसचे कोर्ट! आर्थर सहा वर्षांचा असताना, १९५० साली, आईचे निधन झाले. शिस्तप्रिय वडिलांच्या धाकात तो आणि धाकटा भाऊ जॉनी वाढले. किरकोळ अंगकाठीच्या या मुलाच्या हातातील रॅकेटची जादू प्रथम ओळखली ती तेथे खेळायला येणाऱ्या रॉन चॅरिटी या तरुणाने. त्याच्यामार्फत आर्थर लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्याकडे पोहोचला. विम्बल्डन जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू अल्थिया गिब्सन याच डॉक्टरांच्या तालमीत तयार झाली होती.

डॉ. जॉन्सन आपल्या विद्यार्थ्यांना फटक्यांइतकेच वागणुकीचे धडे देत. पंचाशी हुज्जत घालायची नाही, रॅकेट आपटायचे नाही आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेबाहेर जेमतेम पडला असेल, तर तो आतच पडला असे समजून खेळायचे. काळ्या मुलाचा पाय घसरण्याची वाट पाहत अनेक जण टपलेले आहेत, तेव्हा त्यांना संधीच द्यायची नाही, हे त्यामागचे साधे गणित होते. अ‍ॅशचा पुढील आयुष्यभराचा शांत, संयमी चेहरा या शिकवणीतून घडला.

मात्र, रिचमंडमध्ये त्याची वाट अडलेलीच होती. बर्ड पार्कमधील कोर्टे गोऱ्यांसाठी राखीव होती आणि हिवाळ्यात बंदिस्त कोर्टांवर खेळण्याची त्याला परवानगी नव्हती. शालेय शिक्षणाचे अखेरचे वर्ष पूर्ण करण्यासाठी त्याला सेंट लुईसला जावे लागले. तेथून शिष्यवृत्ती मिळवून तो लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाला. १९६३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याची अमेरिकेच्या डेव्हिस करंडक संघात निवड झाली आणि या संघात स्थान मिळवणारा तो पहिला आफ्रिकी-अमेरिकी खेळाडू ठरला. ज्या देशातील सार्वजनिक कोर्टांची दारे त्याला बंद होती, त्याच देशाचे नाव त्याच्या छातीवर आले. त्या क्षणाचे मोल इतर खेळाडूंपेक्षा अ‍ॅशच्या लेखी वेगळे का होते, याचे उत्तर रिचमंडमध्ये सापडते.

डेव्हिस करंडकाची लढत तेव्हा तीन दिवस चाले. पहिल्या दिवशी दोन एकेरी सामने, दुसऱ्या दिवशी दुहेरी आणि तिसऱ्या दिवशी परतीच्या दोन एकेरी. सामने पाच सेटचे आणि यजमान देशाच्या पसंतीच्या कोर्टावर. प्रेक्षकांचा गोंगाट, अनोळखी हवामान आणि आपल्या पराभवाचे ओझे साऱ्या संघावर पडणार याची जाणीव, हे सारे भल्याभल्यांना डळमळीत करीत असे. अ‍ॅशही त्याला अपवाद नव्हता. १९६७ साली ग्वायाकिल येथे तुलनेने दुबळ्या इक्वेडोरने अमेरिकेला ३-२ असे हरवले, तेव्हा अ‍ॅशने आपले दोन्ही एकेरी सामने गमावले होते. हा पराभव त्याच्या फार जिव्हारी लागला.

त्याची भरपाई १९६८ साली झाली. अ‍ॅश त्या वेळी लष्करात लेफ्टनंट होता. व्यावसायिकांना दारे खुली करणारी पहिली अमेरिकन खुली स्पर्धा त्याने नेदरलँड्सच्या टॉम ओकरला पाच सेटमध्ये नमवून जिंकली. विजेत्यासाठी १४ हजार डॉलरचे बक्षीस होते. पण ते गेले उपविजेत्या ओकरच्या खिशात. अ‍ॅशला मिळाला तो दिवसाला २० डॉलर असा खर्चभत्ता. डेव्हिस करंडक संघात खेळायचे तर हौशी दर्जा टिकवणे भाग होते आणि अ‍ॅशने तो टिकवला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अ‍ॅडलेड येथे अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला ४-१ असे हरवून पाच वर्षांनी करंडक परत मिळवला. पुढील दोन वर्षे रुमानिया आणि पश्चिम जर्मनी यांचा धुव्वा उडवून अमेरिकेने तो राखला. तिन्ही विजयांत अ‍ॅशचा वाटा मोठा होता.

तथापि, अ‍ॅश हा भाबडा देशभक्त नव्हता. सप्टेंबर १९७० मध्ये त्याने उद्योगपती लॅमार हंट यांच्या व्यावसायिक मालिकेशी पाच वर्षांचा करार केला. अशा करारबद्ध खेळाडूंना तेव्हा डेव्हिस करंडकात प्रवेश नव्हता. त्यामुळे पुढचे दोन मोसम अ‍ॅशविना गेले आणि अमेरिकेने त्याच्याविनाही करंडक जिंकला. वर्षानुवर्षे टेनिस संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी खेळाडूंना वेठबिगारासारखे वागवले, हे त्याने जवळून पाहिले होते. १९७२ साली व्यावसायिक टेनिसपटूंची स्वतंत्र संघटना स्थापन झाली, तेव्हा तो आघाडीवर होता.

या संघटनेची पहिली मोठी कसोटी डेव्हिस करंडकावरूनच लागली, हा योगायोग लक्षणीय म्हणावा लागेल. मे १९७३ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या लढतीत खेळण्यास नकार दिला, असा ठपका ठेवून युगोस्लाव्हियाच्या टेनिस संघटनेने निकोला पिलिचला नऊ महिन्यांसाठी निलंबित केले. आंतरराष्ट्रीय महासंघाने ही शिक्षा एका महिन्यावर आणली; परंतु त्या महिन्यात विम्बल्डन येत होते. संघटनेच्या कार्यकारिणीत बहिष्काराच्या बाजूने मत देणाऱ्यांत अ‍ॅश होता. ८१ खेळाडूंनी विम्बल्डनकडे पाठ फिरवली. मानांकन यादीतील १६ पैकी १३ जण त्यात होते. देशासाठी खेळायचे की नाही, हे खेळाडूने ठरवायचे. त्याच्या उपजीविकेवर गदा आणून संघटनेने ते वदवून घ्यायचे नाही, असा या लढ्याचा अर्थ होता.

आणि मग १९७५ साल उजाडले. जिमी कॉनर्स तेव्हा जगातील अव्वल खेळाडू होता. आदल्या वर्षी त्याने तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या होत्या. मात्र, डेव्हिस करंडकात तो खेळत नव्हता. कर्णधार डेनिस राल्स्टन याच्याशी त्याचे पटत नव्हते आणि खेळाडूंच्या संघटनेचाही तो सदस्य नव्हता. त्याच्याविना अमेरिकेला १९७४ मध्ये कोलंबियाने आणि १९७५ मध्ये मेक्सिकोने गारद केले. संघटनेचा अध्यक्ष असलेल्या अ‍ॅशने सदस्यांना लिहिलेल्या पत्रात कॉनर्सच्या देशनिष्ठेबद्दल शंका व्यक्त केली. कॉनर्सने थेट ५० लाख डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. विम्बल्डनच्या तोंडावर ही बातमी फुटली आणि नियतीने अंतिम फेरीत वादी-प्रतिवादी यांनाच समोरासमोर आणून उभे केले.

पिलिचच्या नकाराच्या हक्कासाठी विम्बल्डनवर पाणी सोडणारा अ‍ॅश कॉनर्सच्या नकाराला मात्र दोष देतो, यात विसंगती नाही का? वरवर पाहता ती आहे. अ‍ॅश स्वतःही दोन मोसम संघाबाहेर राहिला होता, हे कॉनर्सच्या पाठीराख्यांना सहज म्हणता आले असते. परंतु अ‍ॅशच्या वागण्यातील एक धागा सुटत नाही. सक्ती आणि बंदी यांना त्याचा विरोध होता, कर्तव्याला नव्हता. कॉनर्सवर बंदी घालावी, अशी मागणी त्याने केली नाही. आपल्या मते जे कर्तव्य आहे, त्याची आठवण त्याने उघडपणे करून दिली. तरीही दुसऱ्याच्या देशप्रेमाचे माप काढण्याचा अधिकार सहकाऱ्याला पोहोचतो का, हा प्रश्न उरतोच.

५ जुलै १९७५ रोजी सेंटर कोर्टवर अ‍ॅश आला तो अमेरिकेच्या डेव्हिस करंडक संघाचे जाकीट घालून. प्रतिस्पर्ध्याला आणि साऱ्या जगाला द्यायचा तो निरोप त्या जाकिटाने दिला. अंदाज सारे कॉनर्सच्या बाजूचे होते. पण एरवी तडाखेबंद खेळणाऱ्या अ‍ॅशने त्या दिवशी मंद, खाली राहणारे चेंडू, लॉब आणि बाहेर वळणारी सर्व्हिस यांचे जाळे विणले आणि ६-१, ६-१, ५-७, ६-४ अशी बाजी मारली. विम्बल्डनचे एकेरीचे विजेतेपद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष. कॉनर्सने दावा लवकरच मागे घेतला. राल्स्टनचे कर्णधारपदही गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कॉनर्स डेव्हिस करंडकात उतरला.

देशाच्या संघाशी बांधिलकी म्हणजे प्रत्येक वेळी खेळणेच, असे मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने अ‍ॅशला वारंवार व्हिसा नाकारला होता. त्या देशाला डेव्हिस करंडकातून बाहेर काढण्याची मोहीम त्याने चालवली आणि १९७० मध्ये तशी कारवाई झालीही. पुढे दक्षिण आफ्रिका परतली आणि १९७४ च्या अंतिम फेरीत तिची गाठ भारताशी पडली. विजय आणि आनंद अमृतराज बंधूंच्या संघाने कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला आणि पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून करंडक हाताच्या अंतरावर आणला होता. भारताने वर्णभेदाच्या निषेधार्थ अंतिम लढत खेळण्यास नकार दिला. करंडक न खेळताच दक्षिण आफ्रिकेकडे गेला. भारताला तो आजवर जिंकता आलेला नाही.

१९७८ साली, पस्तिशीतील अ‍ॅशने संघासाठी अखेरची मोलाची कामगिरी केली. गोथेनबर्ग येथील उपांत्य लढतीत स्वीडनविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना निर्णायक सामना जिंकून त्याने अमेरिकेला अंतिम फेरीत नेले. अंतिम फेरीत ब्रिटनला हरवून अमेरिकेने करंडक मिळवला. डेव्हिस करंडकात अ‍ॅशने एकेरीचे २७ सामने जिंकले आणि अवघे पाच गमावले. पुढच्याच वर्षी त्याला हृदयविकाराचा झटका आला. बायपास शस्त्रक्रियेनंतर १९८० मध्ये त्याने निवृत्ती पत्करली आणि लगेच अमेरिकी संघाचे न खेळणाऱ्या कर्णधाराचे पद त्याच्याकडे आले.

येथे त्याला बांधिलकीची दुसरी बाजू दिसली. जॉन मॅकेन्रो हा देशाच्या हाकेला सदैव ओ देणारा खेळाडू. पण पंचांवर खेकसणे, शिवीगाळ करणे हा त्याचा नित्यक्रम. डॉ. जॉन्सन यांच्या शिष्याला हे पाहवत नसे. १९८१ मध्ये अर्जेंटिनाविरुद्धच्या अंतिम लढतीत मॅकेन्रोच्या वर्तनाने कर्णधाराचाही तोल सुटण्याची वेळ आली. मात्र, त्याच मॅकेन्रोने करंडक जिंकून दिला. पुढच्या वर्षी सेंट लुईस येथे मॅट्स विलँडरविरुद्ध सहा तासांहून अधिक काळ झुंजून त्याने संघाला तारले आणि अमेरिकेने ग्रेनोबल येथे फ्रान्सला हरवून करंडक राखला. १९८४ मध्ये कॉनर्सही संघात होता. एके काळी ज्याने कोर्टात खेचले, तोच आता अ‍ॅशच्या नेतृत्वाखाली खेळत होता! पण गोथेनबर्गमधील अंतिम फेरीत स्वीडनने अमेरिकेचा ४-१ असा फडशा पाडला आणि कॉनर्सच्या असभ्य वर्तनाची चर्चा पराभवाहून अधिक झाली. पुरस्कर्त्यांच्या आग्रहावरून खेळाडूंसाठी आचारसंहिता आली. १९८५ मध्ये मॅकेन्रो आणि कॉनर्स दोघेही संघात नव्हते. बोरिस बेकरच्या पश्चिम जर्मनीने अमेरिकेला हॅम्बुर्ग येथे हरवले आणि अ‍ॅशने पद सोडले.

उरलेले आयुष्य त्याने अधिक मोठ्या कोर्टावर घालवले. वर्णभेदाविरोधी निदर्शनांत त्याने अटक करवून घेतली. आफ्रिकी-अमेरिकी खेळाडूंचा इतिहास तीन खंडांत लिहिला. १९८३ मधील दुसऱ्या हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे १९८८ मध्ये निष्पन्न झाले. एका वृत्तपत्राला त्याची कुणकुण लागल्याने एप्रिल १९९२ मध्ये त्याला आपला आजार जगापुढे मांडावा लागला. ६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. तेव्हा तो केवळ ४९ वर्षांचा होता.

अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या मुख्य स्टेडियमला १९९७ पासून त्याचे नाव आहे. डेव्हिस करंडकाचे रूप मात्र पार पालटले. खेळाडूंवरील ताण कमी व्हावा आणि अव्वल खेळाडूंनी यावे, यासाठी २०१९ पासून पाच सेटचे सामने बंद झाले, अंतिम टप्पा एकाच ठिकाणी होऊ लागला. तरीही मोठी नावे कधी येतात, कधी येत नाहीत. दौऱ्यांचे वेळापत्रक भरगच्च असते, शरीर थकलेले असते, या तक्रारींत तथ्य आहे. अ‍ॅशच्या आयुष्याकडे पाहता, न येणाऱ्यांना शिक्षा करून हा प्रश्न सुटत नाही, हे १९७३ ने दाखवले. आणि नियम बदलून खेळाडूच्या मनात ओढ निर्माण करता येत नाही, हे १९८५ ने. ज्याला रिचमंडच्या बर्ड पार्कमध्ये खेळू दिले नाही, त्याने देशाचे जाकीट घालण्यासाठी १४ हजार डॉलरवर पाणी सोडले. ते त्याला कोणी सांगितले नव्हते.