जॉन ब्राउनिंग : भरवशाचे पिस्तूल आवाक्यात आणणारा शस्त्रकार

मध्य प्रदेशातील जबलपूर हे आयुध कारखान्यांचे शहर म्हणून देशभर ओळखले जाते. १९०४ मध्ये येथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. जुन्या मध्य प्रांताचा कारभार नागपुरातून चालत असल्यामुळे मराठी कुटुंबेही या शहरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. येथील नेपियर टाउनसारख्या जुन्या वस्तीतील एखाद्या रहिवाशाला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून पिस्तुलाचा परवाना मिळाला आणि खिशाला परवडणारे, पण ऐनवेळी दगा न देणारे शस्त्र तो शोधू लागला, तर त्याचा शोध बहुधा .३२ बोअरच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलापाशी येऊन थांबतो. लष्कर आणि पोलीस वापरतात ती ९ मिलिमीटरसारखी काडतुसे कायद्याने निषिद्ध बोअरमध्ये मोडतात, त्यामुळे नागरिकापुढे फारसा पर्याय उरत नाही. मात्र हे .३२ चे काडतूस आणि ते डागणाऱ्या साध्या, मजबूत पिस्तुलाची मूळ कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीची असून तिचे जनक जॉन मोझेस ब्राउनिंग होत.

ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेच्या युटा प्रदेशातील ओग्डेन या गावी झाला. त्यांचे वडील जोनाथन हे मॉर्मन पंथाचे अनुयायी आणि व्यवसायाने बंदुका घडवणारे व दुरुस्त करणारे कारागीर होते. पंथाच्या इतर कुटुंबांप्रमाणे तेही पश्चिमेकडे स्थलांतर करून १८५२ मध्ये युटात पोहोचले होते. परिवार मोठा होता, पैसा बेताचाच होता. वडिलांच्या दुकानात मोडक्या बंदुकांच्या सुट्या भागांचा ढीग पडलेला असे आणि मुलांचे खेळणे तेच होते. शालेय शिक्षण अल्प झाले. पण कोणता भाग का झिजतो, कोठे तुटतो आणि गिऱ्हाईक पुन्हा तीच तक्रार घेऊन का येते, हे जॉन यांना लहानपणीच उमगले. पुढे त्यांच्या सर्व शोधांत जाणवणारा काटकसरीपणा या दुरुस्तीच्या दुकानातच मुरलेला होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. अभियंता रेखाचित्रापासून सुरुवात करतो; ब्राउनिंग यांची सुरुवात मोडलेल्या वस्तूपासून झाली होती.

१८७९ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबर रोजी एक गोळी भरून झाडायच्या रायफलीचे पहिले पेटंट जॉन यांना मिळाले. भावांच्या मदतीने त्यांनी ओग्डेनमध्येच छोटा कारखाना काढला आणि हातानेच या रायफली घडवण्यास प्रारंभ केला. त्यातील एक रायफल विंचेस्टर या बड्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या हाती पडली. १८८३ मध्ये कंपनीचे टी. जी. बेनेट स्वतः रेल्वेने ओग्डेनला आले आणि ८,००० डॉलर देऊन त्यांनी तिचे हक्क विकत घेतले. त्यानंतर जवळपास १९ वर्षे ब्राउनिंग यांनी आपल्या बंदुकांचे आराखडे याच कंपनीला विकले. विंचेस्टरने त्यांच्याकडून ४० हून अधिक आराखडे घेतले, प्रत्यक्ष उत्पादन मात्र दहाचेच केले. बाकीचे आराखडे प्रतिस्पर्ध्यांच्या हाती जाऊ नयेत, एवढाच खरेदीमागचा हेतू होता.

या काळात ब्राउनिंग यांनी धर्मप्रचारक म्हणून दोन वर्षे जॉर्जिया राज्यात काढली. परतल्यानंतर १८८९ मध्ये त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग घडला. नेमबाजी चालू असताना बंदुकीच्या तोंडाशी उठणाऱ्या वायूच्या झोताने समोरचे गवत आडवे होताना त्यांनी पाहिले. हा झोत वाया का जावा, असा प्रश्न त्यांना पडला. गोळी उडाल्यावर उरलेल्या शक्तीनेच रिकामे काडतूस बाहेर फेकावे आणि नवे आत आणावे, या कल्पनेवर ते कामाला लागले. आरंभी त्यातून मशीनगन तयार झाली. लवकरच त्यांचे लक्ष पिस्तुलाकडे वळले.

अर्धस्वयंचलित पिस्तूल ही वस्तू तेव्हा अगदीच नवी नव्हती. जर्मनीत बोर्शार्ट यांचे पिस्तूल १८९३ मध्ये, तर माउझर कंपनीचे १८९६ मध्ये बाजारात आले होते. कारागिरी म्हणून ती नमुनेदार होती. पण भाग पुष्कळ, जोडणी अवघड आणि किंमत चढी. खिशात मावणारी तर ती मुळीच नव्हती. सामान्य मनुष्याच्या दृष्टीने रिव्हॉल्व्हर हाच भरवशाचा पर्याय होता, कारण त्यात अडकण्यासारखे फारसे काही नसते. ब्राउनिंग यांची स्पर्धा खरे तर जर्मन पिस्तुलांशी नव्हतीच, ती या साध्या रिव्हॉल्व्हरशी होती.

त्यांनी काढलेला तोडगा काडतुसापासून सुरू होतो. ७.६५ मिलिमीटर व्यासाची, बेताच्या दाबाची गोळी त्यांनी योजली. हेच आज .३२ म्हणून ओळखले जाणारे काडतूस होय. दाब कमी असल्यामुळे नळीचा मागचा भाग कुलूपबंद करण्याची यंत्रणाच लागत नाही. वरच्या सरकत्या भागाचे, म्हणजे स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावर गोळी नळीबाहेर पडेपर्यंत काडतूस जागेवर राहते. एक अख्खी यंत्रणा गळाली, तिच्यासोबत तिचे भाग, त्यांना घडवण्याचा खर्च आणि त्यांतील बिघाडाची शक्यताही गळाली. काडतुसाच्या बुडाला त्यांनी किंचित बाहेर आलेली कड ठेवली, त्यामुळे ते नळीच्या तोंडाशी नेमके टेकते. गोळ्यांचे मॅगझिन मुठीतच बसवल्याने शस्त्र आटोपशीर झाले. स्वस्ताई आणि विश्वासार्हता या दोन गोष्टी परस्परविरोधी असतात, असा समज त्या काळी होता आणि आजही आहे. भाग कमी केल्यास दोन्ही एकाच वाटेने साधतात, हे ब्राउनिंग यांनी दाखवून दिले.

हे पिस्तूल युरोपात पोहोचले ते सायकलींमुळे. बेल्जियममधील लीज शहराजवळ एर्स्ताल येथे फाब्रिक नासिओनाल, म्हणजेच एफएन, हा शस्त्रकारखाना होता. कामाच्या शोधात असलेली ही कंपनी सायकली तयार करू लागली होती. १८९७ मध्ये तिचे प्रतिनिधी हार्ट बर्ग अमेरिकेत सायकल उत्पादनाची माहिती घेण्यास गेले आणि ब्राउनिंग यांच्या पिस्तुलाचा नमुना घेऊन परतले. त्याच वर्षी जुलैमध्ये करार झाला. १९०० सालच्या नमुन्याची सात लाखांहून अधिक पिस्तुले या कारखान्यातून बाहेर पडली. फ्रेंच भाषेत ब्राउनिंग हा शब्दच पिस्तूल या अर्थाने रूढ झाला. अमेरिकेत कोल्ट कंपनीने १९०३ मध्ये त्यांच्याच आराखड्यावर .३२ चे खिशातले पिस्तूल काढले, त्याची विक्रीही पाच लाखांच्या वर गेली.

विंचेस्टरशी असलेले नाते मात्र तुटले. १९०२ मध्ये आपल्या स्वयंचलित शॉटगनसाठी ब्राउनिंग यांनी एकरकमी मोबदल्याऐवजी प्रत्येक नगामागे मानधन मागितले आणि बेनेट यांनी ते नाकारले. ते रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना भेटण्यास गेले. बाहेरच्या खोलीत वाट पाहत असतानाच अध्यक्ष हृदयविकाराने मरण पावल्याची वार्ता त्यांना समजली. अखेर आराखडा घेऊन त्यांनी बेल्जियमची बोट पकडली.

त्यांच्या पिस्तुलाची सर्वांत कठोर परीक्षा मार्च १९११ मध्ये झाली. अमेरिकी लष्कराला .४५ बोअरचे पिस्तूल हवे होते. एवढ्या जोरदार काडतुसाला साधी रचना पुरत नाही, म्हणून येथे ब्राउनिंग यांनी स्लाइडमध्ये अडकणारी आणि मागे सरकताना खाली झुकून सुटणारी नळी योजली. चाचणीत एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या. फार तापले की ते पाण्यात बुडवून थंड केले जाई. पुढे ते चिखलात, वाळूत आणि आम्लाने गंजवूनही तपासले गेले. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीच्या पिस्तुलात ३७ वेळा बिघाड झाला, ब्राउनिंग यांच्या पिस्तुलात एकदाही नाही. २९ मार्च १९११ रोजी लष्कराने ते स्वीकारले आणि १९८५ पर्यंत तेच त्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. झुकणाऱ्या नळीचे हे तत्त्व आजच्या बहुतेक लष्करी पिस्तुलांत आढळते.

मात्र जे शस्त्र कोणाच्याही हातात चालते, ते कोणाच्याही हातात जाते. याची प्रचिती ब्राउनिंग यांच्या हयातीतच आली आणि तिचा एक धागा महाराष्ट्राशी जुळलेला आहे. १९०९ च्या आरंभी विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या सामानात दडवून २० ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात धाडली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात शारदा नाटकाचा प्रयोग होता. तेथे आलेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या कोवळ्या वयाच्या तरुणाने यांतीलच एका पिस्तुलाने गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. बाबाराव सावरकर यांच्यावरील खटल्यामुळे क्रांतिकारकांचा त्यांच्यावर रोष होता. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेल्या गोळ्याही ब्राउनिंग यांच्याच आराखड्याच्या एफएन पिस्तुलातल्या होत्या.

भारतीय क्रांतिकारकांशी असलेले हे नाते पुढेही टिकले. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये साँडर्स यांच्यावर राजगुरू यांच्या पाठोपाठ भगतसिंग यांनी गोळ्या झाडल्या, त्या .३२ च्या कोल्ट पिस्तुलातून. हे शस्त्र काही काळ इंदूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात होते. चंद्रशेखर आझाद यांनी २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये अखेरची झुंज दिली, तेव्हा त्यांच्या हाती १९०३ च्या नमुन्याचे कोल्ट होते. इंग्लंडला नेलेले हे पिस्तूल १९७० च्या दशकात परत आले आणि आता प्रयागराजच्या संग्रहालयात आहे. परवान्याशिवाय, चोरून, एकेक मिळवलेल्या या शस्त्रांना दुरुस्तीची सोय नव्हती. ती बिघडणारी असती, तर या प्रसंगांचा शेवट कदाचित निराळा झाला असता.

आजच्या परवानाधारकापुढचा प्रश्न अर्थातच वेगळा आहे. १९८० च्या दशकात नागरी वापराच्या शस्त्रांच्या आयातीवर निर्बंध आल्यापासून जुन्या परदेशी पिस्तुलांच्या किमती मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेर गेल्या. सरकारी आयुध कारखान्यांनी .३२ चे पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर बनवले. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची सात कंपन्यांत विभागणी झाल्यावर जबलपूर, कानपूर आणि ईशापूर येथील शस्त्रकारखाने एका कंपनीकडे गेले. खासगी उत्पादकांनाही अलीकडे परवाने मिळू लागले आहेत. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात, परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. अशा स्थितीत निवड चुकली तर ती सहजी बदलता येत नाही. नावावर भुलण्यापेक्षा ब्राउनिंग पाहत असत तेच पाहणे शहाणपणाचे ठरते. मॅगझिनच्या कडा वाकलेल्या नाहीत ना, स्प्रिंग थकलेली नाही ना, मिळणारी काडतुसे त्या पिस्तुलात अडखळत नाहीत ना, आणि सुटे भाग जवळपास मिळतात का, हे आधी तपासावे. अडकणाऱ्या पिस्तुलांपैकी बहुतेकांचा दोष नळीत नसून मॅगझिनमध्ये असतो.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली, तेव्हा ब्राउनिंग यांनी आपल्या मशीनगन, स्वयंचलित रायफल आणि .४५ पिस्तुलाचे युद्धकालीन उत्पादनहक्क सरकारला एकरकमी साडेसात लाख डॉलरना दिले. प्रत्येक नगामागे मानधन घेतले असते तर ही रक्कम कितीतरी पट झाली असती. विंचेस्टरशी मानधनावरून भांडलेल्या माणसाचा हा निर्णय लक्षणीय वाटतो. त्यांचा मुलगा व्हॅल हीच रायफल घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर होता.

आयुष्यात १२८ पेटंट मिळवणाऱ्या ब्राउनिंग यांनी अटलांटिकच्या अनेक वाऱ्या केल्या. अखेरच्या काळात ते जास्त गोळ्या मावणाऱ्या ९ मिलिमीटर पिस्तुलावर काम करीत होते. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एर्स्तालच्या कारखान्यात, मुलाच्या कार्यालयातच हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. अपुरे पिस्तूल त्यांचे बेल्जियन सहकारी द्यूदोने सेव्ह यांनी पूर्णत्वास नेले आणि १९३५ मध्ये ते हाय पॉवर या नावाने बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या इंग्लिस कंपनीने त्याचे उत्पादन केले आणि पुढे याच नमुन्यावर आधारित ९ मिलिमीटर पिस्तूल पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात भारतीय लष्करासाठी तयार होऊ लागले.